प्रणाली विश्लेषक : धार-देवासहून परदेशापर्यंतची वाट

धार आणि देवास ही माळव्यातील दोन नगरे मराठी माणसास परकी नाहीत. अठराव्या शतकात पेशव्यांच्या मोहिमांबरोबर पवार घराण्यातील सरदार माळव्यात उतरले आणि तेथेच स्थिरावले. त्यांच्या मागोमाग लेखणी चालविणारी कुटुंबेही तेथे गेली. देवासच्या एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदत होती. ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात व १९५६ साली मध्य प्रदेशात आली. राज्ये गेली, तरी त्या कुटुंबांतील मराठी भाषा टिकून आहे. या घरांतील मुले शाळेत हिंदीतून शिकतात, घरी मराठी बोलतात आणि पुढे नोकरीसाठी इंग्रजीचा आश्रय घेतात.

अलीकडच्या काळात या मुलांपैकी अनेकांचा ओढा संगणक क्षेत्राकडे आहे. त्या क्षेत्रात 'सिस्टीम्स अ‍ॅनॅलिस्ट', म्हणजे प्रणाली विश्लेषक, हे पद महत्त्वाचे मानले जाते व त्यास परदेशातही मागणी आहे. परंतु हे काम नेमके कसले, त्यासाठी तयारी कोणती आणि परदेशी जाण्याची खरी वाट कोणती, याची माहिती पालकांस क्वचितच असते. या अज्ञानाचा लाभ घेणारे लोकही समाजात आहेत. म्हणून या व्यवसायाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

विश्लेषकाचे काम

संगणकाला स्वतःची अक्कल नसते. त्याला जे सांगितले जाते तेवढेच तो करतो. संगणकाला समजेल अशा भाषेत आज्ञा लिहिणारा तो प्रोग्रॅमर. परंतु कोणत्या आज्ञा लिहावयाच्या हे ठरविण्यापूर्वी मूळ काम कसे चालते, त्यात कोण काय करतो, कोणता कागद कोठून कोठे जातो आणि अडचण आली तर काय होते, हे कोणीतरी शोधून नीट लिहून काढावे लागते. हे करणारा तो प्रणाली विश्लेषक.

माळव्यातील शेतकऱ्याच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. सोयाबीनची ट्रॉली मंडीच्या आवारात येते तेव्हा दारावर प्रवेश पर्ची मिळते. लिलाव होऊन भाव ठरला की अनुबंध पर्ची तयार होते. त्यानंतर माल तोलला जातो व तोल पर्ची निघते. शेवटी भुगतान पत्रक तयार होऊन शेतकऱ्यास पैसे मिळतात. वरवर पाहता हा चार कागदांचा सरळ व्यवहार आहे आणि तो संगणकावर आणणे सोपे वाटते.

विश्लेषक मात्र येथे प्रश्न विचारू लागतो. ढिगाच्या तळाशी ओला माल निघाला आणि व्यापाऱ्याने ठरलेला भाव मोडला, तर पहिल्या अनुबंध पर्चीचे काय करावयाचे? ती रद्द करावयाची, की तिच्यावर दुरुस्ती करावयाची? दुरुस्ती करण्याचा अधिकार कोणाचा? वीज गेली तर तोलाची नोंद कोठे ठेवावयाची? माल आणणारा मुलगा आणि जमीन वडिलांच्या नावावर, अशा वेळी पैसे कोणाच्या खात्यात जमा व्हावयाचे? पैसे त्याच दिवशी दिले जावेत असा नियम असेल, तर बँक बंद असलेल्या दिवशी काय? या प्रश्नांची उत्तरे नियमांच्या पुस्तकात सर्वस्वी सापडत नाहीत. ती हमाल, तोलणारा, मंडीचा कारकून, व्यापारी आणि शेतकरी यांच्यापाशी बसून मिळवावी लागतात. ती न मिळविता संगणक बसविला, तर चार दिवसांत सर्वजण पुन्हा वहीकडे वळतात आणि यंत्र धूळ खात पडते. या कामात गणितापेक्षा ऐकून घेण्याची सवय व स्पष्ट लिहिण्याची शक्ती अधिक उपयोगी पडते.

हे काम तसे नवे नाही. मराठ्यांच्या दफ्तरात फडणीस, मजमुदार, पोतनीस यांची कामे वेगवेगळी असत. रोजकीर्दीत नोंद झाल्यावाचून खतावणीत रक्कम चढत नसे. एका हाताने लिहिलेले दुसऱ्याने तपासावे हे त्या रचनेचे सूत्र होते. आजचा विश्लेषक संगणकासाठी हेच सूत्र बांधतो. विशेष असे की, या व्यवसायाचा आधुनिक आरंभही एका दुकानदारीतच झाला. इंग्लंडमध्ये चहाची उपाहारगृहे व बेकऱ्या चालविणाऱ्या लायन्स या कंपनीने आपल्या हिशेबासाठी 'लिओ' नावाचा संगणक स्वतःच बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचे हिशेब सुरू केले. त्यासाठी कंपनीतील कामकाजाची बारकाईने मांडणी करणारे डेव्हिड कॅमिनर हे जगातील पहिल्या प्रणाली विश्लेषकांपैकी एक मानले जातात.

भारतातील वाटचाल

भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ साली मुंबईत सुरू झाली. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली तिने १९७० नंतरच्या दशकात परदेशी ग्राहकांची कामे घेण्यास प्रारंभ केला. १९७८ साली आय.बी.एम. कंपनीने भारतातील आपला कारभार आवरता घेतला, तेव्हा मागे राहिलेली यंत्रे चालू ठेवण्याचे काम भारतीय तंत्रज्ञांनी केले. १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. १९८६ साली नवी दिल्ली येथे रेल्वेचे आरक्षण संगणकावर आले. हे काम सी.एम.सी. या सरकारी कंपनीने केले. प्रतीक्षा यादी, निरनिराळे कोटे, सवलती, रद्द तिकिटांचा परतावा, अशी आरक्षणाच्या खिडकीवरील गुंतागुंत संगणकाला समजावून देणे हे प्रणाली विश्लेषणाचे मोठेच उदाहरण होय.

इसवी सन २००० च्या सुमारास वर्षाचे केवळ दोन अंक लिहिण्याच्या जुन्या पद्धतीमुळे जगभरच्या संगणकांत दुरुस्ती करावी लागली. त्या निमित्ताने हजारो भारतीय तंत्रज्ञ परदेशी गेले. तेव्हापासून 'संगणक शिकला की अमेरिका' असे एक समीकरण जनमानसात रुजले. हे समीकरण आज बरोबर राहिलेले नाही. साध्या आज्ञा लिहिण्याचे पुष्कळसे काम आता यंत्रेच करू लागली आहेत. काय करावयाचे हे ठरविणाऱ्या माणसाची गरज मात्र संपलेली नाही. म्हणूनच विश्लेषकाचा मार्ग धरणाऱ्याने कामाचा अनुभव आणि त्या अनुभवाचा पुरावा या दोन गोष्टींकडे प्रथमपासून लक्ष दिले पाहिजे.

शिक्षणाच्या सोयी

धार व देवास या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना इंदूर जवळ पडते. १९५२ साली स्थापन झालेली श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्था आणि १९६४ साली स्थापन झालेले, सध्या देवी अहिल्या विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ, ही दोन्ही तेथे आहेत. २००९ पासून भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आय.आय.टी.ही, इंदूरला सुरू झाली आहे. पदवीधरांसाठी असलेला एम.सी.ए. हा अभ्यासक्रम २०२० पासून दोन वर्षांचा झाला आहे. घर सोडणे शक्य नसलेल्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून तो दूरशिक्षणाने करता येतो.

पदवी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतातील तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.सी.ए. ही पदवी अमेरिकेत सामान्यतः तेथील चार वर्षांच्या पदवीइतकी मानली जात नाही. तीन वर्षांची पदवी घेतलेल्याने पुढे एम.सी.ए. केले, तर ही उणीव बहुतांशी भरून निघते. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीधरांसही हा व्यवसाय बंद नाही. हिशेब, गोदाम, विमा, रुग्णालय यांपैकी एखाद्या कामाची खरी जाण त्यांच्यापाशी असेल, तर तीच त्यांचे भांडवल ठरते.

अनुभव घराजवळच आहे

परदेशाचा विचार करणाऱ्या तरुणाला वाटते की, प्रथम बंगलोर किंवा हैदराबाद गाठले पाहिजे. त्यात तथ्य आहे, परंतु धार जिल्ह्यातील पीथमपूर आणि देवासची औद्योगिक वसाहत या दोन जागा त्याच्या नजरेतून निसटू नयेत. पीथमपूरला मालमोटारी व इतर वाहने तयार होतात. स्वीडनच्या व्होल्वोशी भागीदारी असलेला आयशरचा कारखाना तेथेच आहे. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, जॉन डिअर या अमेरिकन कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे आणि भारत सरकारचा नोटांचा छापखानाही आहे.

अशा मोठ्या कारखान्यांत कच्चा माल मागविणे, गोदामातील साठा, उत्पादनाचा क्रम, पगार व विक्री ही सर्व कामे संगणकप्रणालीवर चालतात. अनेक ठिकाणी सॅप या जर्मन कंपनीची प्रणाली वापरली जाते. ही कंपनी १९७२ साली स्थापन झाली. तिच्या प्रणालीत गोदामाचा व्यवहार जसा माळव्यात लिहिला जातो, तसाच तो जर्मनीत किंवा ऑस्ट्रेलियात लिहिला जातो. एखाद्या कारखान्याच्या भांडारात तीन-चार वर्षे राहून, सुटा भाग कमी का पडतो, नोंद व प्रत्यक्ष साठा यांत फरक कोठे पडतो, हे ज्याने शोधले व दुरुस्त केले, त्याचे ज्ञान जगात कोठेही उपयोगी पडते. केवळ प्रमाणपत्रांची चळत जमविणाऱ्यापेक्षा असा उमेदवार मुलाखतीत उजवा ठरतो, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते.

परदेशी कंपन्यांची भारतातील केंद्रे हीदेखील एक वाट आहे. अशा केंद्रात सलग एक वर्ष काम केलेल्या व्यवस्थापकास, किंवा कंपनीच्या कामाचे विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्यास, ती कंपनी एल-१ या परवान्यावर अमेरिकेतील आपल्या कचेरीत नेऊ शकते. या वाटेने जाणाऱ्यास नोकरी शोधावी लागत नाही. तो नोकरीसह जातो.

देशोदेशीचे नियम

अमेरिकेचा एच-१बी परवाना १९९० च्या कायद्याने निर्माण झाला. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार असून, अमेरिकेतील विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठी आणखी २० हजार जागा आहेत. अर्ज उमेदवाराने करावयाचा नसून नोकरी देणाऱ्या कंपनीने करावयाचा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरील व्यक्तींसाठी करावयाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट जाहीर केली. त्यामुळे केवळ या एकाच परवान्यावर आयुष्याचा बेत आखणे किती जोखमीचे आहे, हे स्पष्ट झाले.

ऑस्ट्रेलियात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या विश्लेषकाचे शिक्षण व अनुभव प्रथम 'ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी' ही संस्था तपासते. संगणकाची पदवी नसलेल्या अनुभवी माणसालाही तेथे वाव आहे. मात्र त्याने केलेल्या कामांपैकी दोन प्रकल्पांचे सविस्तर वृत्त स्वतः लिहून द्यावे लागते. कॅनडात २०१५ पासून गुणांवर आधारित 'एक्स्प्रेस एन्ट्री' पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांचे गुण तीत मोजले जातात. जर्मनीने २०२३ साली आपल्या नियमांत बदल करून, संगणक क्षेत्रातील उमेदवाराकडे पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा योग्य अनुभव असल्यास त्याला 'ब्लू कार्ड' मिळण्याची सोय केली. मात्र नोकरीचा करार व ठरावीक वेतन या अटी आहेतच. जपानमध्ये जपानी ग्राहक आणि भारतीय तंत्रज्ञ यांना जोडणाऱ्या दुभाषी तंत्रज्ञास मान आहे, पण त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा वरच्या श्रेणीत उत्तीर्ण व्हावी लागते.

व्यावसायिक प्रमाणपत्रांतही हाच रोख दिसतो. कॅनडात मुख्यालय असलेल्या 'इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनॅलिसिस' या संस्थेच्या प्रारंभिक परीक्षेस अनुभव लागत नाही. मधल्या परीक्षेस ३,७५० तासांचा व वरच्या परीक्षेस ७,५०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो. ७,५०० तास म्हणजे सुमारे चार वर्षांचे पूर्ण वेळ काम होय. परदेशांचे नियम दरवर्षी बदलतात, परंतु केलेल्या कामाचा खरा पुरावा हाती असेल, तर एक दार बंद झाल्यावर दुसरे ठोठावता येते.

पुरावा कसा जपावा

'अमुक व्यक्तीने आमच्याकडे दोन वर्षे समाधानकारक काम केले' असे एका ओळीचे प्रमाणपत्र परदेशात फारसे उपयोगी पडत नाही. तेथे नोकरीचा आरंभ व शेवट यांच्या तारखा, आठवड्याचे कामाचे तास, पदनाम आणि प्रत्यक्ष केलेली कामे एकेक करून लिहिलेले, कंपनीच्या कागदावरील सहीचे पत्र मागितले जाते. नोकरी सोडल्यावर पाच वर्षांनी असे पत्र मिळविणे कठीण असते. कारखाना बंद पडतो, साहेब बदलून जातात. म्हणून नोकरी सोडतानाच ते घ्यावे. त्याबरोबर पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचे उतारे व बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात. आपण हाताळलेल्या प्रत्येक कामाची टिपणवही ठेवावी. तीत अडचण काय होती, कोणाकोणाशी बोललो, काय बदलले व त्याचा परिणाम काय झाला, हे लिहावे. कंपनीची गुप्त माहिती मात्र त्यात येऊ देऊ नये.

मराठी कुटुंबांना आणखी एक अडचण येते. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तीन पदे लिहिण्याची रीत आहे. मध्य प्रदेशच्या गुणपत्रिकेत वडिलांचे नाव स्वतंत्र रकान्यात असते. परिणामी एकाच मुलाचे नाव गुणपत्रिका, आधार कार्ड व पासपोर्ट यांवर तीन प्रकारे उमटते. मुलींच्या बाबतीत विवाहानंतरच्या नावाची भर पडते. ही विसंगती महाविद्यालयात असतानाच दूर करावी. ऐन वेळी ती दुरुस्त करण्यात महिने जातात. शैक्षणिक कागदपत्रांवर भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकनाची 'अपोस्टिल' मोहोर घेता येते. भारत या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली सामील झाला आहे.

फसवणुकीपासून सावध

खोटे अनुभवपत्र करून देणारे व 'हमखास नोकरी'ची हमी देणारे दलाल ठिकठिकाणी आढळतात. खोटा कागद उघडकीस आल्यास कॅनडा पाच वर्षे प्रवेश नाकारू शकते, ऑस्ट्रेलियात तीन वर्षे परवाना मिळणे बंद होऊ शकते आणि अमेरिकेत तर कायमची बंदी येऊ शकते. एका खोट्या पत्राने पुढील सर्व खरे काम वाया जाते.

याहूनही गंभीर प्रकार घडले आहेत. संगणक जाणणाऱ्या तरुणांना थायलंडमध्ये मोठ्या पगाराचे आमिष दाखवून म्यानमारमध्ये नेले जाते व तेथे डांबून त्यांच्याकडून लोकांना फसविण्याची कामे करवून घेतली जातात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच दिला होता. मार्च २०२५ मध्ये तेथून सुटका झालेल्या ५४९ भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. सुशिक्षित मुलगा फसणार नाही, या समजुतीला या घटनेने धक्का दिला आहे.

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या दलालाकडे भारत सरकारचा परवाना असला पाहिजे. त्याचे नाव सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संगणकीय नोंदणीत पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये व त्यावरील कर एवढीच आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना उत्प्रवास संरक्षकाची संमती घ्यावी लागत नाही. ही सवलत खरी, पण त्यामुळे मजुरांच्या करारांची जी सरकारी तपासणी होते, ती सुशिक्षित उमेदवाराच्या कराराची आपोआप होत नाही. म्हणून त्याने करार स्वतः वाचावा, कंपनी त्या देशात नोंदलेली आहे काय हे पाहावे आणि पर्यटनाच्या परवान्यावर नोकरीस कधीही जाऊ नये. नोकरीपूर्वीच लाखो रुपये मागणारा माणूस नोकरी देत नसून विकत असतो. त्यासाठी शेत गहाण टाकणे म्हणजे घराचा आधार पणास लावणे होय.

सर्वांचे सहकार्य

या बाबतीत शिक्षकांना पुष्कळ करता येईल. गावातील दूध संकलन, शिधावाटप दुकान, शाळेचे ग्रंथालय यांपैकी एखादा व्यवहार विद्यार्थ्यांना पाहावयास सांगून तो पायरीपायरीने लिहून घ्यावा. 'असे झाले नाही तर काय?' हा प्रश्न प्रत्येक पायरीवर विचारावा. विश्लेषकाचे पहिले शिक्षण हेच आहे आणि त्यास संगणकही लागत नाही. जो मुलगा तोलणाऱ्याशी माळवीत बोलतो, घरी मराठीत समजावून सांगतो आणि तेच इंग्रजीत नीट लिहितो, त्याची ही बहुभाषिकता उणीव नसून मोठी शिदोरी आहे.

कार्यालये, सहकारी संस्था व कारखाने यांतील अधिकाऱ्यांनी आपल्याकडे काम केलेल्या तरुणास तारखा, तास व कामाचा तपशील असलेले प्रमाणपत्र वेळेवर द्यावे. अर्ध्या तासाच्या या कामावर एखाद्याचे भवितव्य अवलंबून असते. पालकांनी मुलास दोन-चार वर्षे घराजवळच्या कारखान्यात काम करताना पाहून 'परदेशी कधी जाणार?' अशी घाई करू नये. ती वर्षे वाया जात नाहीत.

पूर्वी माळव्यात गेलेली कुटुंबे दफ्तर सांभाळण्याच्या गुणावर तेथे प्रतिष्ठा पावली. त्यांच्या आजच्या पिढीसमोर जगाचे दफ्तर उघडे आहे. ज्या तरुणाचे काम खरे आहे व ज्याचे कागद चोख आहेत, तो परदेशी गेला तर सन्मानाने जाईल आणि न गेला तर पीथमपूर, देवास, इंदूर किंवा पुणे येथे त्याच कामाच्या बळावर उभा राहील. तयारी मात्र दोन्ही वाटांची एकच आहे आणि ती घराजवळूनच सुरू होते.